हायती चार-दोन

मी घर सोडलं तेव्हा आमचं घर कुंडलच्या अलीकडं, ऊस तुटून गेलेल्या एका रानात उभं होतं. घर म्हणजे चार काठ्या, त्यावर निळा प्लास्टिकचा कागद, शेजारी जाळीच्या कुंपणात मेंढरं आणि बांधाला एक घोडं. पक्कं घर आटपाडीच्या पुढं, गावात, कुलूप लावून होतं. आमच्यात दिवाळी झाली की सगळेच घर सोडतात. मेंढरं घेऊन पाण्याकडं, उसाकडं निघायचं आणि मिरगाला परत यायचं. त्यामुळं मी फेब्रुवारीत न्यूझीलंडला शिकायला निघाले तेव्हा कुणी रडलंबिडलं नाही. घर सोडणं हे आमच्याकडं दरवर्षीचं काम आहे, त्यात रडण्यासारखं काही नसतं.

आबा, म्हणजे माझे वडील, एका मेंढीचा पाय मांडीवर घेऊन खुरातला काटा काढत होते. दादा, माझा थोरला भाऊ, मोटारसायकलला बॅग बांधत होता. आईनं माझ्या कपाळाला भंडारा लावला आणि घडी घातलेलं घोंगडं हातात दिलं. आमच्याच मेंढरांच्या लोकरीचं, नवंकोरं. मी ते तिला परत दिलं.

"हे न्हाई चालत तिथं," मी म्हणाले.

"थंडी चालती न्हवं?" आई म्हणाली आणि तिनं घोंगडं काखेत मारलं.

आबांनी मेंढीचा पाय सोडला, हात धोतराला पुसले. "पोचलीस की कळीव. आन कुनी काय इचारलं तर लय सांगत बसू नगं." एवढंच बोलले. मेंढी लंगडत कळपात गेली आणि मी मोटारसायकलवर बसले.

हे मी लिहिते आहे ते सांगली-मिरज रस्त्यावर, परदेशी शिक्षणाच्या एका ऑफिसात, दुसऱ्या मजल्यावर एसीत बसून स्वतःच्या पाळीची वाट बघणाऱ्या पोरापोरींसाठी. आणि त्यांना तिथं सोडून खाली रसवंतीच्या सावलीत उभ्या राहणाऱ्या त्यांच्या आईबापांसाठी. गोड बोलायचं मी ठरवलेलं नाही. गोड बोलणारी माणसं तिथं पगारावर ठेवलेली आहेत.

घोंगडं चालत नाही, हे मला त्याच ऑफिसातल्या सरांनी सांगितलं होतं. त्यांना सगळे नुसतं सरच म्हणत, त्यामुळं मीही तेवढंच म्हणते. परदेशी विद्यापीठांचे प्रवेश करून देणं हा त्यांचा धंदा. भिंतीवर आधी गेलेल्या पोरापोरींचे फोटो, प्रत्येकाच्या खांद्यावर शाल. नंतर कळलं की शाल एकच होती, फोटोपुरती खांद्यावर टाकायची आणि पुढच्याला द्यायची. मी शेतीची पदवी घेऊन गेले होते, पशुसंवर्धनाच्या विषयात वर्गात पहिली. मेंढ्यांवर पुढचं शिकायचं होतं आणि मेंढ्यांचा देश म्हणून न्यूझीलंड.

सरांनी विचारलं, "बाबा काय करतात?"

"मेंढपाळ आहेत."

"म्हणजे शेती?"

"नाही, मेंढरं. फिरतीवर असतात."

सरांनी पेन खाली ठेवलं. "हे बघ बाळा, फिरतीवर म्हटलं की कायमचा पत्ता नाही. कायमचा पत्ता नाही म्हटलं की व्हिसा ऑफिसर फाईल बंद करतो. तू हुशार आहेस. हुशारीनं घे."

प्रवेशासाठी एक निवेदन लागतं. तुम्ही कोण, कुठून आलात, हाच विषय का घेताय, हे तुमच्या शब्दांत लिहायचं असतं. तुमचे शब्द सरांच्या कॉम्प्युटरात तयारच होते. मिरजेच्या कुणा मास्तरांच्या मुलीचं निवेदन त्यांनी उघडलं, तिचं नाव आणि गाव काढून माझं घातलं. वडील शिक्षक असल्यामुळं घरात पुस्तकं होती, शेजाऱ्यांचं आजारी वासरू पाहून मन हेलावलं, जनावरांचा प्रत्यक्ष अनुभव नसला तरी शिकण्याची तळमळ आहे, असं त्यात होतं. मी जन्मले ती मेंढरांच्या तळावर. माझी पहिली आठवण ओल्या लोकरीच्या वासाची आहे. आणि मला प्रत्यक्ष अनुभव नव्हता!

मी तो कागद तळावर नेला आणि आबांना वाचून दाखवला. वाटलं, चिडतील. त्यांनी तंबाखू मळत सगळं ऐकलं आणि विचारलं, "ह्येच्यानं तुजं काम हुतंय न्हवं?"

"सर म्हणत्यात, हुतंय."

"मग काढा मला कागदावरनं. मला काय करायचं हाय तिथं ऱ्हाऊन."

आता खरं सांगायचं तर सगळा राग सरांवर काढून चालणार नाही. मला तो कागद आवडला होता. कॉलेजच्या वसतिगृहात चार वर्षं मी 'वडील शेतकरी आहेत' असंच सांगत होते. आबा एकदा भेटायला आले तेव्हा मी त्यांना फाटकाबाहेरच, चहाच्या गाड्यावर बसवलं होतं. त्यांनी आत येऊ का म्हणून विचारलंही नाही. मास्तरांची मुलगी व्हायला मला सरांनी भाग पाडलं नाही. दार त्यांनी उघडलं, आत मी माझ्या पायांनी गेले. हे आठवलं की अजून स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

आबांनी त्या वर्षी आटपाडीच्या बाजारात मेंढरं विकली आणि माझी सोय झाली. किती विकली ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आमच्यात विचारत नाहीत.

न्यूझीलंडच्या विमानतळावर उतरल्यावर एक कार्ड भरावं लागलं. गेल्या तीस दिवसांत तुम्ही जनावरांच्या संपर्कात आला होता का? सरांनी हे आधीच शिकवलं होतं: बुटाला शेण नको, बॅगेत घोंगडं नको, फॉर्मवर मेंढरं नकोत. मी 'नाही'वर खूण केली. बूट सांगलीतून नवे घेतले होते, अंगाला साबणाचा वास होता. लाळ्या-खुरकूत हा जनावरांचा रोग देशात शिरू नये म्हणून ती माणसं डोळ्यांत तेल घालून बसलेली असतात, आणि तोच रोग शिकायला आलेली मी त्यांच्या तोंडावर खोटं बोलले. सरांचं खोटं त्यांच्या कॉम्प्युटरात होतं. हे पहिलं मी माझ्या हातानं लिहिलं.

विद्यापीठाच्या माहितीपुस्तकात हिरवळीवर बसून सगळ्या रंगांची पोरं हसत होती. प्रत्यक्षात हिरवळ ओली होती आणि कुणी बसत नव्हतं. फी भरण्याच्या खिडकीवर आमचं स्वागत फार प्रेमानं झालं. त्यानंतर त्यांच्याकडं दोन प्रकारचे विद्यार्थी होते, स्थानिक आणि आंतरराष्ट्रीय. वर्गात दोघे एकत्र बसायचे, वर्ग सुटला की तेलपाणी वेगळं व्हायचं. कुणी वाईट वागत नव्हतं. वाईट वागायला आधी माणूस दिसावा लागतो.

अभ्यासक्रमात एक अट होती. एक हंगाम मेंढ्यांच्या मोठ्या फार्मवर राहून प्रत्यक्ष काम करायचं, कोकरं होण्याच्या दिवसांत, ऑगस्ट-सप्टेंबरला. त्याला ते ट्रेनीशिप म्हणत. ती पुरी झाल्याशिवाय पदवी नाही. जागा विद्यापीठानं द्यायच्या होत्या, पण निम्म्या यादी लागायच्या आधीच भरलेल्या. एकीच्या मामाचं फार्म, एकाच्या बापाच्या मित्राचं फार्म. आमच्याकडं ह्याला वशिला म्हणतात. तिथं नेटवर्किंग म्हणतात आणि त्यावर एक तासिकाही असते. उरलेल्या जागांसाठी मुलाखत होती, आणि फार्मवाल्यांची अट अशी की मेंढ्या हाताळलेल्या असाव्यात.

मुलाखत घ्यायला हेलन होती. ट्रेनीशिपचं सगळं काम तीच बघायची. साठीची, उन्हानं रापलेली, बोटं जाडजूड. ती बोटं बघून मला माझ्या माणसांत आल्यासारखं वाटलं आणि तिथंच माझी चूक झाली. तिनं विचारलं, "कधी मेंढी पकडली आहेस?" मला हसू आलं. म्हटलं, "पाच वर्षांची होते तेव्हापासून. वडिलांचा कळप आहे."

हेलन हसली नाही. तिनं समोरची फाईल उलटी करून माझ्याकडं सरकवली. माझं निवेदन होतं. शिक्षक वडील, शेजाऱ्यांचं वासरू, प्रत्यक्ष अनुभव नाही.

"यातलं खोटं कोणतं?" तिनं विचारलं.

निवेदन खरं म्हटलं असतं तर ट्रेनीशिप गेली असती, म्हणजे पदवी गेली. ते खोटं म्हटलं तर खोट्या कागदावर प्रवेश घेतला म्हणून सगळंच जाऊ शकत होतं. मेंढरं विकून झालेली होती. गावात कमानीला माझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागला होता, त्यावर सरपंचांचा फोटो माझ्यापेक्षा मोठा. परत जायला तोंड नव्हतं. मी सगळं सांगितलं. सर, मिरजेची मुलगी, विमानतळावरचं कार्डसुद्धा. कार्डाचं ऐकून ती सगळ्यात जास्त भडकली. शेवटी म्हणाली, हे समितीपुढं जाईल. तुझी खरी पार्श्वभूमी खरोखर पटली तर ते ताकीद देऊन सोडतील, नाही पटली तर घरी पाठवतील. वडिलांशी बोलावं लागेल.

तोवर मिरीग लागला होता आणि आमची माणसं गावात परतली होती. तिथं दुपारचे तीन आणि गावाकडं सकाळचे साडेआठ, अशी व्हिडिओ कॉलची वेळ ठरली. टेबलाशी हेलन, समितीचे एक गृहस्थ आणि दुभाषा म्हणून अनिकेत, पुण्याचा पीएच.डी. करणारा मुलगा. मी खोलीत बसायचं, पण एक शब्द बोलायचा नाही, असा नियम. माझ्या बापाला ओळखायला मी सोडून सगळे बसले होते.

गावात रेंज फक्त बिरोबाच्या देवळाच्या पायरीवर येते. दादानं फोन धरला होता. आबा धुतलेला सदरा घालून, नवा फेटा बांधून बसले होते. एवढे ताठ की मला ओळखू येईनात. मेंढरं पलीकडं माळावर होती, पडद्यावर नुसता देवळाचा खांब आणि आबा.

काय काम करता? "मेंढरं राखतो." कधीपासून? "जलमल्यापासनं." मुलीनं कधी काम केलंय? इथं आबा जरा सैल झाले. "तिनं काय न्हाई केलं? कोकरू अडलं की तिलाच हाक मारायचो. हात बारीक हुता न्हवं तिचा, आत जायाचा." अनिकेतनं ते नीट सांगितलं आणि हेलननं लिहून घेतलं. मला वाटलं, जमलं.

मग समितीच्या गृहस्थांनी विचारलं, मेंढ्या किती आहेत?

"हायती चार-दोन," आबा म्हणाले.

अनिकेतनं इंग्रजीत सांगितलं, दोन ते चार. बिचाऱ्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. गृहस्थांनी तसंच लिहिलं.

ज्यांच्या घरात मेंढरं नाहीत त्यांना हे समजावणं अवघड आहे. आमच्यात कळपाचा आकडा कुणाला सांगत नाहीत. मोजलेला कळप टिकत नाही, अशी समजूत. तलाठ्याला सांगत नाहीत, लस टोचायला आलेल्या डॉक्टरलाही निम्माच सांगतात आणि मग लस कमी पडते. आबा मोजतच नाहीत. संध्याकाळी मेंढरं जाळीत शिरताना ते नुसते बघत उभे राहतात आणि एखादं कमी असलं तर त्यांना त्याचं तोंड आठवतं. कुणी विचारलंच तर ठरलेलं उत्तर, हायती चार-दोन. आमच्या माणसांना त्यातून सगळं कळतं. इथं ते उत्तर टेबलावर कागदात गेलं आणि माझ्या गळ्याशी आलं.

हेलननं पुन्हा विचारायला लावलं, एकूण कळप केवढा? आबा म्हणाले, "देवाची किरपा हाय." अनिकेतनं घाम पुसत देवाची कृपा इंग्रजीत नेली. गृहस्थ हसून म्हणाले, दोन-चार मेंढ्या म्हणजे घरात मांजर पाळल्यासारखंच की. मला त्या माणसाचं टेबल उलटं करावंसं वाटत होतं. नियम होता म्हणून ओठ चावून बसले. आणि नियम नसता तरी सांगणार काय होते? आकडा मलाही माहीत नव्हता.

दादाला अंदाज आला. "आबा, आकडा सांगा. न्हाईतर सारिका घरला येती माघारी."

मागून आई पडद्यावर आली, पदर खोचलेला, हातात काठी. "सांगू नगासा," ती म्हणाली. "कशापायी सांगताय? बघायचं असलं तर या म्हनावं हितं."

आबांनी तिच्याकडं बघितलं नाही. त्यांनी फोनकडं वाकून विचारलं, "त्या बाईला इचारा. तिचा बा सांगत हुता का आकडा?"

अनिकेतनं विचारलं. हेलनचं पेन थांबलं. ती म्हणाली, "नाही. शेजाऱ्याला तर मुळीच नाही. पण मला इथं काहीतरी लिहावं लागणार आहे." तिनं कागदावरची रिकामी चौकट बोटानं दाखवली, जणू आबांना ती दिसणार होती.

मग आबा आईला म्हणाले, "तू जा मेंढराकडं." ती हलली नाही. आबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला, माळाकडं पाठ केली आणि आकडा सांगितला. गोल नव्हे, सुटा आकडा. वर म्हणाले, "आन काल झाल्याली दोन कोकरं. ती धरल्याली न्हाईत." अनिकेतनं तो दोनदा विचारून घेतला आणि हेलननं चौकटीत लिहिला.

तो आकडा मी इथं लिहिणार नाही. जन्मापासून त्या कळपात वाढले आणि तो पहिल्यांदा ऐकला परक्या देशात, परक्या माणसांबरोबर, तोंड मिटून बसलेली असताना. फोन बंद झाल्यावर गृहस्थ म्हणाले, "व्हेरी इम्प्रेसिव्ह." मी उठून बाहेर गेले आणि संडासात जाऊन रडले. आनंदानं नाही.

मला ताकीद मिळाली. फाईलमध्ये आहे, त्यातलं एक वाक्य विमानतळावरच्या कार्डाचं आहे. ट्रेनीशिप मिळाली ती अगदी दक्षिणेला, जिथं स्थानिकांपैकी कुणी जायला तयार नव्हतं. वारा असा की उभं राहवत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात अडलेलं कोकरू निघालं आणि मी बाही वर करून हात घातला. हात आता तेवढा बारीक राहिलेला नाही, पण वाट त्याला माहीत होती. मालकानं त्यानंतर मला काही शिकवायचा प्रयत्न केला नाही. तिथं फाटकातून मेंढ्या सोडताना तीन-तीननं मोजतात, तेवढं मात्र मी शिकले. हंगाम संपला तेव्हा मी त्यांच्यातली सगळ्यात पक्की मोजणारी होते.

त्याच वर्षी डिसेंबरात अवकाळी झाली. आमचा तळ साताऱ्याच्या बाजूला, उघड्या रानात होता. मेंढरं नुकतीच कातरलेली. दोन दिवस पाऊस आणि वारं. दादाचा फोन आला तेव्हा मी ग्रंथालयात होते. तो सांगत होता कोणती कोणती गेली, त्यांच्या रंगावरून, कानावरून. मी विचारलं नाही किती. आबा फोनवर आले आणि म्हणाले, "पाऊस पडला गं. पावसाला कोन काय करनार." मग फोन आईनं घेतला.

"तुज्या कागदानं खाल्ली माजी मेंढरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मला माहीत होतं ती कशानं गेली. ओली कातडी, वारा, आडोसा नाही, पोटात चारा नाही, अंगातली ऊब उतरत जाते आणि जनावर बसतं ते उठत नाही. ह्यावर मी परीक्षेत चार पानं लिहिली आणि मला उत्तम गुण मिळाले. आईला ते सांगून काय उपयोग होता? मी सांगायला गेले, तर ती पुढच्या मिरगापर्यंत फोनवर आली नाही. आबा यायचे. त्यांनी मला कधी दोष दिला नाही, आणि तेच मला जास्त लागायचं.

शिक्षण झालं. आता मी त्याच देशात मेंढ्यांच्या फार्मना सल्ला देण्याचं काम करते. गेल्या जानेवारीत तीन वर्षांनी घरी गेले, आणि तळावर जायच्या आधी सांगलीत उतरून त्या दुसऱ्या मजल्यावर गेले. भिंतीवर माझा फोटो होता, शाल पांघरलेला. खाली लिहिलेलं, आमची यशस्वी विद्यार्थिनी.

"या मॅडम!" सर उठून उभे राहिले. "बोला चार शब्द पोरांशी."

मी बोलले. म्हणाले, माझे वडील मेंढपाळ आहेत आणि ह्या सरांनी त्यांना काढून तिथं एक मास्तर बसवला. त्या मास्तरामुळं माझी पदवी जाता जाता राहिली. सरांचा चेहरा जरासुद्धा बदलला नाही. "पण व्हिसा मिळाला की नाही?" त्यांनी पोरांकडं बघून विचारलं आणि पोरं हसली. ह्या माणसाशी भांडण करता येत नाही, कारण त्याला लाज नावाची वस्तू कुणी विकलेलीच नाही.

कोपऱ्यातल्या एका मुलीनं विचारलं, "मग आम्ही काय लिहायचं?"

"बाप काय करतो तुझा?"

तिनं उत्तर द्यायच्या आधी सरांकडं बघितलं. मग खाली मान घालून म्हणाली, "लग्नात बँड वाजवत्यात."

"तेच लिही," मी म्हणाले. तिनं लिहिलं की नाही मला माहीत नाही. मी भिंतीवरचा फोटो काढून घेतला आणि रिक्षानं स्टँडवर आले. सरांनी अडवलं नाही. त्यांच्या फोनमध्ये तो आहेच, पुढच्या आठवड्यात पुन्हा लागला असेल.

तळ ह्या वेळी पुन्हा कुंडलजवळच होता. आईनं फोटो हातात घेतला, बघितला. "ही शाल कुनाची?" सरांची, म्हटलं. तिनं फोटो ट्रंकेत टाकला आणि मला भाकरी वाढली. मेंढरांचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही. आम्हा दोघींत तो कायमचा राहणार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी जाळीची एक बाजू सोडली आणि मेंढरं बाहेर पडू लागली. मी बाजूला उभी होते. माझा हात आपोआप वर आला आणि बोटं हलायला लागली, तीन, तीन, तीन. रोजची सवय. आबांनी बघितलं. त्यांनी हात पुढं करून माझी बोटं मुठीत धरली.

"नगं," म्हणाले. एवढंच. सगळा कळप बाहेर पडेपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.

निघताना आईनं तेच घोंगडं काढलं, जे मी नेलं नव्हतं. तीन पावसाळे ट्रंकेत होतं, कडुनिंबाचा पाला घालून. मी घेतलं. विमानतळावर 'हो'वर खूण केली आणि रांगेत उभी राहिले. तिथल्या बाईनं घोंगडं हुंगलं, मला दहा प्रश्न विचारले, औषध मारायला ठेवून घेतलं आणि आठ दिवसांनी परत दिलं. वास गेला आहे. ऊब तेवढीच आहे.

मला इथं लोक विचारतात, घर कुठं? मी आटपाडी सांगते, कधी कुंडल, कधी नुसतं सांगली. खरं म्हणजे मला पत्ता सांगता येत नाही आणि आता त्याची लाजही वाटत नाही. परवा हेलन बाजारात भेटली. ती आता निवृत्त झाली आहे, हातात कांद्याची पिशवी होती. त्या डिसेंबराचं तिच्या कानावर आलेलं होतं. तिनं विचारलं, वडिलांकडं आता किती राहिल्या?

"चार-दोन," मी मराठीतच म्हणाले.

तिनं मान हलवली आणि अर्थ विचारला नाही.